साधकबोध : सेवेच्या पाठीशी उभा देव

वारकरी सज्जनहो, आपल्या पंढरीरायाची मूर्ती आपण सर्वांनी डोळे भरून पाहिली आहे. कटीवर कर, पाय समचरण आणि पायाखाली वीट. हा देव बसलेला नाही, निजलेला नाही, कोठे निघालेलाही नाही. तो उभा आहे. जो बसतो तो घरचा धनी असतो, जो चालतो तो वाटसरू असतो. पण जो दारात उभा राहतो तो कोणाची तरी वाट पाहत असतो. मग आपला देव कोणाची वाट पाहतो आहे, आणि कां? ह्या एका प्रश्नाचा नीट विचार केला, तर सेवा म्हणजे काय आणि सेवेत देव कसा भेटतो, हे दोन्ही उलगडतात. आजच्या पाठाचा विषय एवढाच आहे.

पुंडलीकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; आणि फार वेळा ऐकलेल्या गोष्टीचे एक दुर्दैव असते, की ती कानाला ओळखीची होते आणि मनाला परकी राहते. म्हणून ती पुन्हा एकदा सावकाश पाहू. पुंडलीक मुळात सेवाभावी नव्हता. आईबापांना पायी चालवून आपण सुखाने काशीच्या वाटेला लागलेला तो मनुष्य. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटेच्या वेळी त्याने पाहिले, की मळलेल्या वस्त्रांच्या काही स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रमाचे अंगण झाडले, सडासंमार्जन केले, पाणी भरले, आणि जाताना त्यांची वस्त्रे शुभ्र झालेली होती. विचारले तेव्हा कळले, की ह्या गंगा, यमुना, सरस्वती. जगाची पापे धुऊन त्या मळतात आणि ह्या आश्रमाची झाडलोट करून निर्मळ होतात. आणि हे ऋषी कोण? ज्यांनी कधी काशी पाहिली नाही. आईबापांच्या सेवेतच ज्यांचा जन्म गेला, ते.

ह्या प्रसंगाचा अर्थ पाहा. ज्या गंगेत बुडी मारायला हा शेकडो कोस चालला होता, ती गंगा एका सेवकाच्या अंगणात केर काढीत होती! पुंडलीक तेथून मागे फिरला आणि आईबापांच्या चरणी लागला. पुढे भगवंत दिंडीरवनात आले, दाराशी उभे राहिले. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने हातातले काम सोडले नाही. जवळची वीट मागे सरकवली आणि म्हणाला, थोडे थांबा. देव थांबला, तो अजून थांबलाच आहे.

आता ह्यातून तीन गोष्टी घ्यायच्या.

पहिली अशी की, देव न बोलावता आला. पुंडलीकाने त्या वेळी अनुष्ठान मांडले नव्हते, होम केला नव्हता. सेवा चालली होती, तिच्या वासाने देव आला. फूल उमलले की भुंग्याला निरोप धाडावा लागत नाही, तसे हे.

दुसरी अशी की, देव आला तरी पुंडलीकाने सेवा टाकली नाही. अहो, तुमच्या आमच्या दारात गावचा पाटील आला तरी आपण म्हाताऱ्या आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून पुढे धावतो. येथे त्रैलोक्याचा धनी आला होता.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. देवाला राग आला नाही. देवाचा अपमान झाला असता तर तो माघारी गेला असता. तो विटेवर उभा राहिला, म्हणजे पुंडलीकाच्या करण्यावर देवाने आपली मोहर उठवली. आपल्या जयघोषात पुंडलीकाचे नाव आधी आणि विठ्ठलाचे नंतर येते. चंद्रभागेत स्नान केल्यावर वाळवंटातल्या पुंडलीकाचे दर्शन आधी आणि राउळातल्या देवाचे नंतर, ही आपली रीत आहे. सेवकाला ओलांडून देवाकडे जाणारी वाट ह्या पंथात ठेवलेलीच नाही.

म्हणून सिद्धांत असा, की सेवा करणाऱ्याला देव समोर दिसेलच असे नाही, कारण तो पाठीशी उभा असतो. पुंडलीकाचे तोंड आईबापांकडे होते, देव त्याच्या मागे होता. सेवेतला अनुभव हा असा पाठीकडून येणारा आहे.

ह्या सिद्धांताला शास्त्राचा आधार काय, असे कोणी विचारील. श्रीमद्भागवताच्या तृतीय स्कंधात, एकोणतिसाव्या अध्यायात कपिलमुनी आपल्या मातेस, देवहूतीस, भक्तीचे स्वरूप सांगतात. तेथे भगवंतांचे म्हणणे स्पष्ट आहे. मी सर्व भूतांच्या ठायी आत्मरूपाने वसतो. त्या मला अवमानून जो नुसती मूर्तीची पूजा करतो, त्याची पूजा म्हणजे सोंग आहे, राखेत टाकलेली आहुती आहे. भगवंतांनी येथे मूर्तिपूजा टाकून द्यायला मात्र सांगितलेले नाही. सर्वांभूती असलेला ईश्वर आपल्या हृदयात कळेपर्यंत मूर्तीची पूजा करीत राहावे, असेही तेथेच म्हटले आहे. आणि भूतमात्रांतल्या देवाची पूजा कोणत्या उपचारांनी करावी, तेही सांगितले. गंध, पुष्प, धूप, दीप नव्हेत. दान, मान, मैत्री आणि समदृष्टी हे चार. ह्यांत दान एकटे नाही, हे ध्यानात धरा. आपण दान देतो आणि मान काढून घेतो. दारात आलेल्याला भाकरी घालतो आणि भाकरीबरोबर दोन शब्दही घालतो. हा उपचार अर्धा राहिला. अर्ध्या पूजेला देव कसा प्रसन्न होणार?

त्याच भागवताच्या नवम स्कंधात रंतिदेव राजाची कथा आहे. अठ्ठेचाळीस दिवस त्याला पाणीसुद्धा मिळाले नव्हते. एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी तूप, खीर, सांजा आणि पाणी असे प्राप्त झाले. मुले-माणसे भुकेने थरथरत होती. घास तोंडाशी नेणार, तोच एक ब्राह्मण अतिथी आला. राजाने त्याच्यात हरी पाहिला आणि वाटा दिला. मग एक शूद्र आला, त्यालाही दिले. मग कुत्री बरोबर घेतलेला एक जण आला, म्हणाला, मी आणि माझी कुत्री भुकेली आहोत. उरलेले सर्व त्यांना दिले, आणि त्या मनुष्याबरोबर त्या कुत्र्यांनाही राजाने वंदन केले. शेवटी एकाला पुरेल एवढे पाणी राहिले. ते पिणार, तो ज्याला लोक चांडाळ म्हणत असा एक तहानेला आला. राजाने ते पाणीही त्याच्या ओंजळीत ओतले.

आता कथेतला क्रम पाहा. पाणी देताना रंतिदेव म्हणतो, की ह्या दीनाला जीवन दिल्याने माझी भूक, तहान, शीण, खेद, सर्व निघून गेले. त्रिभुवनाचे अधिपती त्याच्यापुढे प्रकट झाले ते ह्याच्या नंतर. म्हणजे दर्शन मागाहून झाले, अनुभव आधीच आला होता! म्हणूनच देव प्रकट झाल्यावर त्याने त्यांच्याजवळ काही मागितले नाही. तृप्त झालेला मनुष्य काय मागणार?

आपल्या पैठणच्या नाथांच्या चरित्रात हेच आहे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला अभिषेक करायला निघाले. वाटेत उन्हाने तापलेल्या वाळूत एक गाढव तडफडत होते. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी त्या गाढवाच्या मुखी घातले. सोबतचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तेथेच पावला. आपण ही कथा सांगतो तेव्हा नाथांच्या दयेची वाखाणणी करतो. पण दया हा शब्द तेथे थोडा उणा पडतो. दया वरून खाली वाहते. नाथांनी त्या गाढवाला अभिषेक केला, आणि अभिषेक करणारा खाली वाकतो.

त्याच नाथांच्या घरी भगवंत श्रीखंड्या होऊन बारा वर्षे राबले, कावडीने पाणी भरले, असे परंपरा सांगते. पैठणला नाथांच्या वाड्यातला रांजण नाथषष्ठीच्या उत्सवात आजही भाविक भरतात. गंमत अशी, की देव बारा वर्षे घरात होता आणि घरातल्यांना तो पाणक्या वाटत होता. द्वारकेहून एक ब्राह्मण शोध करीत आला, तेव्हा कळले. आणि कळले तोवर श्रीखंड्या गुप्त झाला होता. नाथांसारख्या अधिकारी पुरुषाच्या घरी ही गोष्ट, मग तुम्हांआम्हांला सेवा करताक्षणी देव दिसावा हा हट्ट कशाला? देव आपल्या घरात कोणत्या वेशात पाणी भरीत असेल, कोण सांगणार! म्हणून घरात राबणाऱ्या कोणालाही हलके बोलू नये. हा नाथांच्या रांजणाचा उपदेश आहे.

आता शंका येतात. कीर्तन आटोपल्यावर, बुक्का लावून झाल्यावर, एखादा माळकरी मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो. प्रश्न बहुतेक हाच असतो: “महाराज, आषाढी जवळ आली. वीस वर्षांची वारी आहे. बाप अंथरुणाला खिळला आहे. वारी चुकली तर नेम मोडतो, आणि गेलो तर जिवाला घोर. काय करू?”

ह्याला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. वारीचा नेम हा वारकऱ्याचा प्राण आहे. तो लहानसहान कारणाने मोडू नये. पेरणी राहिली, सोयरा आला, पाऊस फार, ही कारणे नव्हेत. परंतु बापाजवळ खरोखर दुसरे कोणी नसेल, तर राहणे हीच वारी आहे. तुम्ही ज्या देवाला भेटायला निघालात, तो देव स्वतः आईबापांची सेवा करणाऱ्याच्या दारी येऊन उभा राहिलेला आहे. तुम्ही बापाला टाकून गेलात आणि राउळात उभे राहिलात, तर पायाखालची वीट तुम्हांला विचारील, की मला येथे कोणी आणि कां टाकले? अरणच्या सावता महाराजांनी मळा आणि प्रपंच सांभाळीत भगवंत आपलासा केला. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात. सावतोबांच्या पुण्यतिथीला मात्र पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला जाते.

दुसरी तोडही परंपरेत आहे. वारी पुष्कळदा घराण्याची असते. एका वर्षी थोरल्याने जावे, एका वर्षी धाकट्याने. जो घरी राहील त्याने रोज हरिपाठ म्हणावा आणि एकादशी करावी. पुण्याची वाटणी करायला देव तलाठी लागत नाही.

पण येथे एक गोष्ट मला रोखठोक बोलायची आहे. कित्येक घरी बापाच्या उशाशी ‘कोणी तरी असते’, आणि ते कोणी तरी म्हणजे घरची सून. हा टाळ घेऊन नाचत पंढरीला जातो, आणि ती आजाऱ्याचे हगणे-मुतणे काढते. पंधरा-वीस दिवस तिला झोप नाही. ह्याच्या वारीचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते? तिच्या. मग पुंडलीकाची जागा कोणाकडे गेली? तिच्याकडे. मी सांगतो, अशा मनुष्याने जायचे असेल तर तिला विचारून जावे, तिच्या मदतीला कोणी ठेवून जावे. आणि परत आल्यावर प्रसादाचे चुरमुरे वाटण्याआधी त्या माउलीला हात जोडावे, आणि पुढची रात्र बापाच्या उशाशी आपण बसावे. चंद्रभागेत धुतलेले अंग घेऊन घरी आजाऱ्याच्या वासाला नाक धरणारा वारकरी गंगेची गोष्ट विसरला. गंगा स्वतः झाडू मारून निर्मळ झाली होती.

२०२० साली महामारीमुळे पायी वारीचा सोहळा निघाला नाही. ज्ञानोबामाउली आणि तुकोबाराय यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला नेल्या. पुढल्या वर्षी, २०२१ सालीही, नेहमीसारखी पायी वारी झाली नाही. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, इतक्या वर्षांत हे कधी पाहिले नव्हते. पण लाखो वारकरी घरी राहिले ते कशासाठी? आपल्या पावलाने दुसऱ्याच्या दारात मरण जाऊ नये म्हणून. ते थांबणे सेवाच होते. त्या वर्षी वारी मोडली असे म्हणू नका. देव विटेवर थांबतो, त्या वर्षी भक्त उंबऱ्यावर थांबले.

दुसरी शंका उलट बाजूची आहे. काही शिकलेली मुले म्हणतात, “सेवा हीच भक्ती आहे ना? मग टाळ कशाला, माळ कशाला, नामस्मरण कशाला? आम्ही दवाखाना काढू, शाळा काढू, झाले.” त्यांनी जरूर काढावी, उत्तम काम आहे. पण जात्याकडे पाहा. जात्याच्या दोन तळ्या असतात. वरची फिरते, खालची स्थिर असते. वरची म्हणजे सेवा, खालची म्हणजे नाम. खालची तळी नसेल तर वरची नुसती गरगरेल, पीठ पडणार नाही. नुसती खालचीच असेल तर दाणे पसरलेले राहतील. नामावाचून सेवा केली, की थोड्याच दिवसांत ‘मी केले’ हा खुंटा हातात येतो, आणि मग ज्यांची सेवा केली त्यांनी आपले उपकार मानावे असे वाटू लागते. आणि सेवेवाचून नाम घेतले, तर जिभेला वळण लागते, हाताला लागत नाही. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, कारण तिची दोन्ही तळे जागी होती. मुखी नाम चालले होते आणि हातून नामदेवरायांच्या घरचे दळण पडत होते.

आता अनुभवाची लक्षणे सांगतो. सेवेत देव भेटला हे ओळखावे कसे? प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, ह्या गोष्टी बाजूला ठेवा. लक्षणे साधी आहेत. पहिले, किळस गळते. काल ज्याच्याजवळ बसवत नव्हते, त्याच्याजवळ आज बसवते. दुसरे, हिशेब थांबतो. किती केले, किती दिवस केले, ही मोजदाद मनातून जाते. तिसरे, ज्याची सेवा केली त्याचेच आभार मानावेसे वाटतात. हे तिसरे लक्षण मिळाले, की समजावे, कोणी तरी पाठीशी येऊन उभे राहिले आहे.

हे लक्षण पाहायचे असेल तर वारीच्या वाटेवर पाहा. मुक्कामाच्या गावी लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात, फोड आलेल्या पायांना औषध लावतात. चर्मकार बंधू फुकट वहाणा शिवून देतात, नाभिक बंधू दाढी करतात. आणि काम झाल्यावर पाया कोण पडतो? ज्याने पाय चेपले तोच! आपल्या पंथात लहान-थोर, स्त्री-पुरुष, सर्व एकमेकांच्या पाया पडतात. ही रीत संतांनी फार विचाराने घालून दिली आहे. पाया पडायला वाकलात, म्हणजे तेथे देव आहे हे कबूल केले. मग तेवढेच वाकलेले असताना, त्या पायात काटा असेल तर तो काढायचा. वारकऱ्याची सेवा ह्याहून वेगळी शिकवावी लागत नाही.

डेबूजी, अर्थात गाडगे महाराज, हे करून दाखवीत. १८७६ साली जन्मलेला हा पुरुष गावात गेला की आधी खराटा हाती घेई, दिवसभर गाव झाडी, आणि रात्री कीर्तनाला उभा राही. आधी रस्ते झाडायचे आणि मग माणसांची मने. पंढरी, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. त्यांत पंढरीला चोखोबांच्या नावाची. स्वतः मात्र फाटक्या चिंध्यांत आणि झाडाखाली राहिले. १९५६ साली ते देह ठेवून गेले. त्यांचा खराटा हे आम्हां कीर्तनकारांच्या वीणेला विचारलेले एक प्रश्नचिन्ह आहे, असे मला नेहमी वाटते.

सेवेला लागणारी कीडही सांगून ठेवतो. अन्नदानाच्या मंडपावर दात्याचे नाव पातेल्याहून मोठे झाले, की कीड लागली. म्हाताऱ्याच्या हातात घोंगडी देताना तोंड त्याच्याकडे आणि डोळे फोटो काढणाऱ्या मोबाईलकडे असले, की कीड लागली. पुंडलीकाने देवाकडे पाहायलाही मान वळवली नाही, आणि आपण मोबाईलकडे वळवतो! बाहेर शंभर पंगती घालणारा आणि घरी आईला वेळेवर चहा न देणारा, त्याची सेवा तर बुडखाच किडलेले झाड आहे. तुकोबारायांनी साधू ओळखण्याची खूण सांगितली, तीही दुःखिताला जवळचे मानण्याची. त्यात पाटीचा आणि फोटोचा उल्लेख नाही.

आता पाठाचा नेम. ह्या महिन्यात प्रत्येकाने एवढे करावे. रोजच्या हरिपाठाला जोडून रोज एक सेवा करावी. ती आधी घरातली असावी, मग शेजारची, मग गावातली. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाची आठवड्यातून एकदा तरी असावी. ती कोणाला सांगू नये. कीर्तनकारालाही सांगू नये, नाही तर आम्ही ती दृष्टांत म्हणून जाहीर करू! आणि सेवा करताना मान वळवून, देव आला का, हे पाहू नये. हातातले काम नीट पुरे करावे. तो घाईत नाही. अठ्ठावीस युगांची ज्याला वाट पाहण्याची सवय, तो तुमच्या म्हाताऱ्या बापाचे पाय चेपून होईपर्यंत सहज थांबेल.

श्रीपांडुरंग आपणां सर्वांच्या हातून ही सेवा घेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.